आमच्याच पाण्यावरचं पावणं

पहाटे ५. मिरज स्थानक. उतरलो आणि रुळांकडं बघत थोडा वेळ तसाच उभा राहिलो. ११ एप्रिल २०१६ ला इथूनच दहा वाघिणींची पाण्याची गाडी लातूरला निघाली होती. पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. पुढं त्याच गाडीच्या पन्नास वाघिणी झाल्या. तेव्हा आमचं मांजरा धरण आटलं होतं, पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी होती आणि मी घागर घेऊन रांगेत होतो. ती नदी एकदा भरलेली बघायची, हे तेव्हापासून मनात होतं.

सकाळी ७. वारणाकाठचं एक गाव. आज सांगलीत होड्यांच्या शर्यती, पण बोट क्लबची पोरं अजून गोठ्यात. धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, मग नदी. सुकाणू धरणारे मामा साठी ओलांडलेले. त्यांनी विचारलं, "पावणं, कुठलं गाव?"

"लातूर."

"मग आमच्याच पाण्यावरचं की!" म्हणाले आणि चहाचा पेला हातात दिला. मला काही बोलता आलं नाही.

९ वाजता. होडी लांब, अरुंद, लाकडी. मामा फळ्यांचे सांधे बोटांनी चाचपत गेले, एका जागी थांबले, पुन्हा चाचपलं. वल्ही ज्यानं त्यानं आपापली उचलली. दुसऱ्याचं वल्हं कुणी धरत नाही. मग होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर.

११ वाजता. सांगली, सरकारी घाट. समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज, सांगलीवाडी, गावागावांची माणसं जमलेली. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नाही. मामांची नजर मात्र पुलापाशी लिहिलेल्या फुटांवर. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. "तवा शर्यत नव्हती बाबा. याच पोरांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना होडीत घेतलं." माझ्या मते बोट क्लब जपायला एवढं कारण पुरे आहे. वल्हं मारायचा सराव पूर आल्यावर सुरू करून भागत नाही.

माझं आजोळ नांदेडचं. तिथं गोदावरीच्या नगिना घाटावर होडीत बसलोय, पण ती संथ, यात्रेकरूंना फिरवून आणणारी.

दुपारी ३. इशारा झाला आणि सगळी वल्ही एकदम पाण्यात. जोर दंडात असतो असं मला वाटायचं. पोरं पायानं रेटा देतात, पाठ मागं टाकतात, आणि एकाचं जरी वल्हं उशिरा पडलं तरी होडी अडखळते. प्रवाहाला तिरकी झाली की तिला सरळ करण्यातच दम जातो. म्हणून मामा ओरडत नव्हते. सुकाणू दाबून एकच आवाज, ठरल्या ठेक्यात. वळणावर बाहेरच्या अंगाला धार जोराची. तिथं ते आत राहिले, शेजारची होडी बाहेर गेली आणि पाठीमागं पडली. काठावरून मीही ओरडत होतो, घसा बसेपर्यंत. शेवटी अर्ध्या होडीनं दुसरा नंबर.

संध्याकाळी ५. पोरं गप्प. एकाच्या तळहाताची साल निघालेली. मामांनी होडीतलं पाणी डबड्यानं उपसायला घेतलं, मी दुसरं डबडं घेतलं.

"राहू द्या, पावणं."

"असू द्या, मामा."

पाणी नदीत परत टाकताना हात अडखळत होता. आमच्याकडं असं पाणी फेकत नाहीत.

साडेपाच. धारांची वेळ झाली होती. ट्रॉली घाई करत गावाकडं निघाली.