थाकुंगच्या आकाशातले दोन दिवे

ऑगस्ट २०१२. लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या दक्षिण काठावर थाकुंग नावाचं ठाणं आहे. उंची चौदा हजार फुटांच्या वर. समोर खारं पाणी, सरोवराची लांबी सुमारे १३५ किलोमीटर. पश्चिमेकडचा थोडा भाग आपल्याकडे, बाकी सगळा चीनच्या ताब्यात. मधून जाणारी ताबारेषा पाण्यावर काढलेली नाही आणि डोंगरावरही नाही. ती फक्त नकाशात आणि पहारेकऱ्याच्या डोक्यात असते. अशा ठिकाणी रात्री पहाऱ्यावरच्या जवानांना पलीकडच्या डोंगरामागून एक पिवळसर गोळा वर येताना दिसू लागला. तो सावकाश चढायचा, तीन ते पाच तास आकाशात राहायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, तिसऱ्या रात्रीही तेच.

त्यांनी ते कळवलं. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या जवानांनी कळवलं, लष्करानेही नोंदवलं, आणि माहिती लेहच्या १४ कोअरच्या मुख्यालयातून दिल्लीपर्यंत पोहोचली. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या अडीच महिन्यांत अशा शंभरावर नोंदी झाल्याचं नोव्हेंबरमध्ये छापून आलं आणि ‘लडाखमध्ये उडत्या तबकड्या’ अशी बोंब देशभर झाली. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांना लोकसभेत लेखी उत्तर द्यावं लागलं: भारत-चीन सीमेवर अज्ञात उडत्या वस्तू दिसल्याचा ठोस पुरावा नाही.

त्या वेळचं बहुतेकांना एवढंच आठवतं. आणि त्यानंतरचं आठवतं ते जुलै २०१३मधलं बातमीचं शीर्षक: जवान फसले, ती ड्रोन नव्हती, ते शुक्र आणि गुरू होते. लोक हसले. परदेशी वृत्तसंस्थांनीही ती बातमी गमतीजमतीच्या सदरात घातली. मला तेव्हाही त्या हसण्याचा राग आला होता आणि आज मागे वळून पाहताना तो कमी झालेला नाही. कारण त्या दोन बातम्यांच्या मधल्या काळात जे घडलं, ते नीट पाहिलं तर हसावं असं त्यात फार थोडं आहे.

आधी संशयाचं बघू. पँगाँगच्या उत्तर काठावर सिरिजाप आहे. तिथल्या आपल्या छोट्या चौकीवर ऑक्टोबर १९६२मध्ये चीनचा हल्ला झाला. मेजर धनसिंग थापा यांना परमवीरचक्र मिळालं ते तिथल्या लढाईसाठी. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला दक्षिणेला रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग आणि त्यांची कुमाऊँची तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. त्या प्रदेशात पलीकडून येणारा दिवा हा निव्वळ दिवा नसतो. आणि २०१२ हे वर्ष टेहळणीच्या मानवरहित विमानांचं होतं. दोन्ही बाजूंना ती होती, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. या नोंदी संपून दोन महिने होत नाहीत तोच, एप्रिल २०१३मध्ये, चिनी सैनिकांनी लडाखमधल्याच देपसांगच्या पठारावर तंबू ठोकले आणि तीन आठवडे ते हलले नाहीत. म्हणजे संशय अनाठायी नव्हता. ‘काहीतरी चमकतंय, असेल कुठलातरी तारा’ म्हणून पाठ फिरवणारा पहारेकरी तुम्हाला-मला तिथे चालला असता का?

आता तपासाचं. आलेल्या बातम्यांनुसार लष्कराने सरोवराजवळच्या एका डोंगरावर फिरतं रडार चढवलं, सोबत रेडिओ लहरी तपासणारं यंत्र. गोळा डोळ्यांना स्वच्छ दिसत होता, पण रडारच्या पडद्यावर काही उमटेना. मग वस्तू धातूची नसावी, असा निष्कर्ष निघाला. एक ड्रोन त्या दिशेने सोडलं. ते आपल्या कमाल उंचीपर्यंत गेलं आणि गोळा हातचा सुटला. संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ आणि तांत्रिक गुप्तवार्ता पाहणारी एनटीआरओ यांसारख्या संस्थाही यात लक्ष घालून होत्या. चिनी ड्रोन किंवा खालच्या कक्षेतले उपग्रह हे नव्हेत, इथपर्यंत सगळे आले होते. पुढचं पाऊल मात्र अडलं.

ते का अडलं, हे आकडे मांडून पाहिलं की कळतं, आणि मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते हेच. १५ ऑगस्ट २०१२ला शुक्र सूर्यापासून पश्चिमेला जास्तीत जास्त दूर, सुमारे ४६ अंशांवर होता. म्हणजे तो सूर्याच्या तीनेक तास आधी, रात्री दोन-अडीचच्या पुढे पूर्वेला उगवत होता. पृथ्वीपासूनचं त्याचं अंतर तेव्हा दहा कोटी किलोमीटरच्या आसपास होतं. गुरू वृषभ राशीत, रोहिणीच्या जवळ. ऑगस्टच्या मध्यात तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवायचा, ऑक्टोबरच्या मध्यात रात्री आठ-साडेआठला, आणि ३ डिसेंबरला, सूर्याच्या बरोबर समोर आला तेव्हा, सूर्यास्तालाच. तेव्हा तो सुमारे ६१ कोटी किलोमीटरवर होता. रडार काही शेकडो किलोमीटरपर्यंत पाहतं. त्याच्या पडद्यावर काय उमटणार? ड्रोन कितीही वर गेलं तरी काय गाठणार? जी यंत्रं तिथे नेली ती सगळी जवळच्या वस्तूसाठी घडवलेली होती, आणि प्रश्न तर वस्तू जवळ आहे की दूर हाच होता.

चौदा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. धूळ नाही, दमटपणा नाही, गावाचे दिवे नाहीत. पुण्या-मुंबईच्या आकाशात शुक्र हा एक ठळक ठिपका असतो. तिथे तो दिवा असतो. अगदी तेजस्वी असताना, चंद्र नसेल तर, पांढऱ्या जमिनीवर त्याची सावलीसुद्धा पडते. क्षितिजाजवळ त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो म्हणून पिवळट-तांबूस दिसतो, थरथरतो, कधी क्षणभर हिरवट होतो. वर चढला की पांढरा. ज्याने हे फक्त सपाटीवरून पाहिलं आहे, त्याला डोंगरामागून एकदम वर आलेला तो गोळा ओळखीचा वाटणारच नाही.

डोळ्यांचाही एक दोष आहे. घरी करून बघण्याजोगा आहे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत लांबच्या भिंतीपाशी उदबत्ती लावून ठेवा आणि तिच्या निखाऱ्याकडे टक लावून बसा. आजूबाजूला दुसरं काही दिसत नसलं की दोन-चार मिनिटांत तो निखारा सरकू लागतो. डावीकडे जातो, थांबतो, पुन्हा चालतो. उदबत्ती जागची हललेली नसते. आपले डोळे सतत बारीक बारीक हलत असतात आणि तुलनेला काही नसलं की मेंदू ती हालचाल ठिपक्याच्या नावे टाकतो. रात्री उडणाऱ्या वैमानिकांना हे शिकवलं जातं. उणे पंधरा-वीसच्या थंडीत, विरळ हवेत, चार तास एकाच दिशेला पाहणाऱ्या माणसाला दिवा ‘फिरताना’ दिसला तर तो खोटं बोलत नव्हता. त्यातून आकाश स्वतः फिरतंच: तासाला पंधरा अंश. पूर्वेला उगवलेली वस्तू पाच तासांत पंचाहत्तर अंश चालते. चीनच्या बाजूने निघून आपल्या डोक्यावर येते.

हे लक्षात घेऊन पुढचा आकडा वाचावा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लष्कराने ३२९ नोंदी केल्या, आणि त्यांतल्या १५५ वेळा त्या वस्तूने ताबारेषा ओलांडल्याचं नोंदवलं. ओलांडली म्हणजे काय, तर ती पूर्वेकडून पश्चिमेकडे आली. रोज रात्री सगळं आकाशच ती रेषा ओलांडतं.

अखेर लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला गाठलं. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच आहे, पँगाँगच्या दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, हानले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथली दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात.     

संस्थेच्या लोकांनी जे केलं ते पाहायला गेलं तर साधं होतं. वस्तू केव्हा दिसते, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती उंचीवर, हे मोजायचं आणि मागच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं. ड्रोन ताऱ्यांच्या मागे-पुढे धावेल. ग्रह ताऱ्यांच्या बरोबरीने चालेल आणि रोज उगवण्याची वेळ काही मिनिटांनी बदलेल. संस्थेचे तुषार प्रभू यांनी नंतर सांगितलं की या वस्तू आकाशातल्या आहेत की पृथ्वीवरच्या, एवढंच ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. ताऱ्यांच्या संदर्भात हालचाल नोंदवल्यावर उत्तर मिळालं: एक शुक्र, दुसरा गुरू.

नोंदी फेब्रुवारीत का थांबल्या, तेही यात आपोआप उलगडतं. फेब्रुवारी २०१३मध्ये शुक्र सूर्याच्या तेजात बुडत चालला होता, मार्चच्या अखेरीस तो सूर्याच्या पलीकडे गेला. गुरू तोपर्यंत संध्याकाळीच डोक्यावर असायचा. पूर्वेच्या डोंगरामागून वर येणारं काही उरलंच नव्हतं.

दोष द्यायचाच तर एकाच गोष्टीला देता येईल: खगोलशास्त्रज्ञांचं म्हणणं निर्णायक ठरायला सहा महिने लागले. बातम्यांनुसार हानलेची मंडळी सप्टेंबरमध्येच तीन दिवस येऊन गेली होती आणि या वस्तू खगोलीय नाहीत असं त्यांचं मत पडलं, असंही तेव्हा छापून आलं. नंतरचं उत्तर नेमकं उलटं आलं. माझ्या मते यातला फरक मोजणीचा आहे. ताऱ्यांचा संदर्भ धरून रात्रीमागून रात्र मोजत गेलं, तेव्हा ते सुटलं.

अमेरिकेच्या हवाई दलाची गोष्ट इथे आठवते, कारण तिथे हाच शुक्र उलट्या बाजूने आला. १९४७ ते १९६९ या बावीस वर्षांत त्यांनी आकाशात दिसलेल्या १२,६१८ प्रकरणांची छाननी केली. ७०१ शेवटपर्यंत उलगडली नाहीत. ७ जानेवारी १९४८ला केंटकीत थॉमस मॅन्टेल हा वैमानिक एका चकाकत्या गोळ्याचा पाठलाग करता करता प्राणवायूशिवाय फार उंच गेला आणि विमान कोसळून मेला. भर दुपारची ती घटना. तरी सुरुवातीला शुक्राचं नाव पुढे करण्यात आलं. पुढे अधिक पटणारं उत्तर निघालं ते नौदलाच्या गुप्त ‘स्कायहूक’ फुग्याचं. त्या तपासाला खगोलशास्त्राचा सल्ला देणारे जे. ॲलन हायनेक पुढे हवाई दलाच्या घाईच्या उत्तरांचे कडवे टीकाकार झाले. तिथे शुक्र हे विषय मिटवायचं नाव झालं होतं. थाकुंगला तो सर्वात शेवटी, मोजून, सिद्ध होऊन आला. म्हणून मला त्या ३२९ नोंदी मौल्यवान वाटतात. पहाऱ्यावरच्यांनी पाहिलं ते टिपलं, आणि त्या टिपणांमुळेच शास्त्रज्ञांना बोलावण्याइतका प्रश्न मोठा झाला.

माझी आजी घड्याळ वाचायला शिकली नव्हती. उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो. चार वाजायच्या आत ती उठायची ती पूर्वेला चिंचेच्या वर पाहून. ‘शुक्र वर आला, उठा रे,’ म्हणायची आणि जात्याकडे वळायची. शुक्र काही महिने दिसेनासा झाला की म्हणायची, बुडाला आता, पुढं संध्याकाळचा येईल. तो अस्त लग्नाच्या मुहूर्तांसाठी तिला पाठच असायचा. आज माझ्या घरात कुणाला आत्ता शुक्र पहाटेचा आहे की संध्याकाळचा, हे विचारलं तर मोबाइल काढावा लागेल. थाकुंगवरचा बावीस-पंचविशीचा मुलगा आमच्यासारख्याच घरातून गेलेला असतो. जे आपण त्याला दिलं नाही, ते त्याच्याकडे नव्हतं म्हणून त्याला कसं हसायचं?

शुक्राचं एक गणित आहे. सूर्य आणि पृथ्वी यांच्या संदर्भात तो पाच फेऱ्या पूर्ण करतो, त्याला आठ वर्षांना दोन-अडीच दिवस कमी लागतात. त्यामुळे दर आठ वर्षांनी तो त्याच तारखांच्या आसपास, त्याच वेळी, आकाशात जवळजवळ त्याच जागी येतो. २०१२च्या १५ ऑगस्टची स्थिती २०२०च्या १३ ऑगस्टला पुन्हा आली. चिनी सैनिकांशी गलवानला झालेल्या चकमकीला तेव्हा दोन महिने झाले होते, वीस जवान गेले होते. २९ आणि ३० ऑगस्टच्या मधल्या रात्री आपल्या सैन्याने पँगाँगच्या दक्षिणेकडची शिखरं ताब्यात घेतली, थाकुंगपासून रेझांग लापर्यंत. अंधारात चढलेल्या त्या तुकड्यांच्या समोर, पूर्वेकडच्या त्याच डोंगरांमागून, सूर्य उगवायच्या तीनेक तास आधी तोच पिवळसर गोळा वर आला असणार. २०२८च्या ऑगस्टात तो पुन्हा तिथे येईल, १० तारखेच्या आसपास.