शंभर मीटरच्या आतलं घर

शनिवारवाड्याच्या तटापासून आमच्या दिंडी दरवाजापर्यंतचं अंतर मला लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक आहे: भाजीची पिशवी घेऊन दीड मिनिट. मीटरमध्ये कळलं ते माजघरावरची तुळई वाकली तेव्हा.

तुळई सागवानी, वरून धडधाकट. सुतारानं पटाशी टोचली तर मूठभर भुसा खाली आला. वाळवीनं आतून पोखरलेली. "वहिनी, एका तुळईनं भागायचं नाही, सगळा कडीपाट उतरवावा लागेल," तो म्हणाला. धाकटे भाऊजी लगेच म्हणाले, मग पाडूनच बांधू, चौघा भावांना चार ब्लॉक.

तिथंच कायदा आडवा आला. केंद्राचा संरक्षित स्मारकांचा कायदा 1958 चा. 1992 च्या अधिसूचनेनं आखलेले पट्टे 2010 साली त्या कायद्यातच घातले गेले. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर विनियमित. पहिल्यात नवं बांधकाम नाही. घर 16 जून 1992 पूर्वीचं असेल तर परवानगी काढून दुरुस्ती करता येते; पण कायद्यातल्या 'दुरुस्ती'त पुनर्बांधणी बसत नाही. तुळई बदला, भिंत सावरा. पाडून तेवढंच, तितक्याच उंचीचं घर उभं करायचं म्हटलं तरी नाही. दुसऱ्या पट्ट्यात परवानगीनं बांधता येतं. परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

मोजणी झाली आणि रेघ नेमकी आमच्या परसातून गेली. देवघर, माजघर, स्वयंपाकघर प्रतिबंधित. संडास तेवढा विनियमित! सासूबाई असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

नियम नसता तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर आज काय काय उभं राहिलं असतं, याची मला कल्पना आहे. तेव्हा नियम हवाच. पण 1730 साली पायाभरणी झालेल्या त्या वाड्याची आतली लाकडी इमारत 1828 च्या आगीत गेली. राहिले तट, दरवाजे, जोती, कारंज्यांचे हौद. इथं आमच्याकडे खांब, कडीपाट, देवळ्या अजून शाबूत आहेत, आणि त्या सांभाळायला कुणी छदाम देत नाही. भाडेकरू देतात ते भाडं सांगायचीही लाज वाटते. टेपला अंतर तेवढं कळतं, घरात काय आहे ते कळत नाही.

शेवटी भाऊजींची समजूत घालून दुरुस्तीचाच अर्ज केला. कचेरीतून तो एकदा परत आला, कारण तुळईचा फोटो काळोखा निघाला होता. माजघरात उजेड नसतो, हे त्यांना कसं कळावं! मुलानं बॅटरी धरली, मी पुन्हा काढला.

यंदा गौरी ओसरीवर बसवल्या. माजघरात त्यांच्या जागेवर दोन लोखंडी टेकू उभे आहेत.