रेडटेल कॅटफिशला टाकी केवढी हवी?
दुकानात बोटाएवढा दिसणारा हा ॲमेझॉन खोऱ्यातला मासा पुढे एक मीटरहून लांब होतो. काचेची टाकी त्याला फार दिवस पुरत नाही. म्हणून मासा घेण्याआधी १५ बाय ८ फुटांची, ४ फूट पाण्याची सिमेंटची टाकी (सुमारे १३,५०० लिटर) बांधता येईल का, ते पाहा. लांबीइतकीच रुंदीही बघा. माशाला अंग न घासता वळता आले पाहिजे. नव्या टाकीतले पाणी दोन-तीन आठवडे बदलत राहावे, नाहीतर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. तळाला खडी नको, तो ती गिळतो! फिल्टर मोठा आणि वर पक्की जाळी हवीच. थंडीत पाणी २० अंशांखाली जाऊ देऊ नये.

शेततळ्यात मात्र तो मुळीच सोडू नका. इतर मासे तर तो खातोच, शिवाय पावसाळ्यात सांडव्यातून ओढ्यात गेला की हाती लागत नाही. मोठा झालेला मासा दुकानदार बहुधा परत घेत नाहीत, हे आधीच विचारून ठेवा.