२१ दिवसांत सवय लागते?

२१ दिवस नेटानं केलं की सवय लागते, असं आपण सर्रास ऐकतो. या आकड्याचं मूळ सवयींच्या अभ्यासात नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० सालच्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळून पडलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडली होती: जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडं पळणं. ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायची. कृती आपसूक होऊ लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत गणितानं काढलेला अंदाज २५४ दिवसांवर गेला! पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायाम रेंगाळला.

मला यातली सर्वांत मोलाची नोंद वेगळीच वाटते. एखादा दिवस चुकला, तरी सवय घडण्यात फारसा खंड पडला नाही. खाडा झाला म्हणून वही बंद करणाऱ्या कितीतरी जणांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडण्याचं तत्त्व आपल्या घरांत जुनंच आहे. तिन्हीसांजेला दिवा लावायला गजर लागत नाही; मावळता उजेडच आठवण करून देतो. नव्या सवयीसाठी तुमच्याकडे दिवसाची दहाच मिनिटं मोकळी असतील, तर ती सकाळच्या चहाला जोडून पाहा. आणि उद्या चुकलंच, तर परवा पुन्हा सुरू करा.