वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि महागाई

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथील निराधार वृद्धाची मासिक मदत तहसील कार्यालयाच्या पातळीवर मंजूर होत असली, तरी तिची रक्कम राज्य आणि केंद्र सरकारांच्या अर्थसंकल्पांतूनच ठरते. राज्याच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील यादीतील ज्येष्ठांच्या बाबतीत त्यात केंद्राचा वाटा वयाच्या ८० वर्षांपर्यंत केवळ २०० रुपये असून तो २००७ पासून वाढलेला नाही. महागाईच्या निर्देशांकाशी, म्हणजे वस्तूंच्या सरासरी दरवाढीच्या मापाशी, ही रक्कम जोडलेली नसल्याने तिची क्रयशक्ती, म्हणजे वस्तू विकत घेण्याची क्षमता, दरवर्षी घटते. शिवाय यादीबाहेरच्या अर्जदारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला अवघे १,७५० रुपये, असल्याने मजुरीचे दर वाढताच खरोखर गरीब असलेली कुटुंबेही अपात्र ठरतात. याउलट, २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मिळणारा एसटीचा मोफत प्रवास भाडेवाढीने आक्रसत नाही, कारण सवलतीची भरपाई राज्य सरकार एसटी महामंडळाला करते. म्हणूनच निवृत्तिवेतन आणि उत्पन्नमर्यादा या दोन्हींची सांगड महागाईशी घालणे अत्यावश्यक आहे.