पिंगळा की रानपिंगळा? कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसची अचूकता तपासण्याची रीत

रायपूर – हिवाळा सुरू झाला की छत्तीसगडच्या राजधानीतील हौशी छायाचित्रकार आसपासच्या तलावांकडे आणि पाणथळ जागांकडे वळतात. शेजारच्या बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथे तर २०२१ मध्ये पक्षी महोत्सवही भरवण्यात आला होता. पक्षी टिपला जातो. परंतु घरी संगणकावर पाहावे तर मागची फांदी रेखीव आणि पक्ष्याचा डोळा मात्र धूसर, असा अनुभव अनेकांना येतो. हात हलला असावा, अशी मनाची समजूत घातली जाते. हात हलला असता तर फांदीही धूसर आली असती, हे सहसा ध्यानात येत नाही.

या भागात हा प्रश्न केवळ छायाचित्राच्या देखणेपणाचा नाही. रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड शास्त्राला प्रथम ज्ञात झाले ते १८७२ मध्ये बसना-फुलझर येथे मिळालेल्या नमुन्यावरून. हा प्रदेश आज महासमुंद जिल्ह्यात असून १९९८ पर्यंत तो रायपूर जिल्ह्यातच होता. १८८४ नंतर या पक्ष्याची विश्वसनीय नोंद नव्हती. तब्बल ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ तो पुन्हा आढळला. सर्वत्र दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते अगदी अस्पष्ट असतात. फोकस पक्ष्याच्या मागे पडल्यास पिंगळ्याचे ठिपकेही पुसल्यासारखे दिसतात आणि तेच छायाचित्र रानपिंगळ्याचा पुरावा म्हणून पुढे येण्याचा धोका निर्माण होतो.

या चुकीचे मूळ कॅमेऱ्याच्या रचनेत असू शकते. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा काही भाग मुख्य आरशातून आरपार जातो आणि त्यामागील दुसऱ्या लहान आरशावरून तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरकडे वळतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना करून हा सेन्सर लेन्स कोणत्या दिशेने आणि किती हलवायची ते ठरवतो. १९८५ मध्ये आलेल्या मिनोल्टा ७००० पासून ही पद्धत रूढ झाली. मात्र छायाचित्र उमटते ते वेगळ्याच सेन्सरवर. या दोन मार्गांच्या लांबीत किंचित फरक पडला, तरी कॅमेरा ‘फोकस झाला’ असा संकेत देतो आणि चित्र पुढे किंवा मागे सरकलेले असते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने एफ १.८ या छिद्रावर, दोन मीटर अंतरावरून, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर चित्र घेतल्यास रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर खोल असतो. तेथे चुकीला फारसा वाव राहत नाही.

चाचणीसाठी ठळक काळी-पांढरी आकृती असलेला सपाट कागद भिंतीला कॅमेऱ्यासमोर अगदी समांतर लावावा आणि त्याच्या शेजारी एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी उभी करावी. फोकस नेहमी सपाट कागदावरच साधावा. तिरक्या पट्टीवर साधण्याचा मोह टाळलेला बरा. कारण फोकस सेन्सरचे क्षेत्र दर्शिकेतील चौकटीपेक्षा बहुधा मोठे असते आणि तो पट्टीवरील भलत्याच आकड्यावर स्थिरावतो. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे, कॅमेरा तिपाईवर, प्रतिमा स्थिर ठेवणारी सोय बंद, मधला एकच फोकस बिंदू आणि दोन सेकंदांचा टायमर, अशी सिद्धता असावी. अंतर लेन्सच्या नाभीय अंतराच्या २५ ते ५० पट ठेवावे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला खोली पुरते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला १० ते २० मीटर लागतात, म्हणजे गच्ची किंवा अंगण गाठावे लागते. रायपूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे. तापलेल्या जमिनीवरची थरथरणारी हवा निर्दोष लेन्सचे चित्रही धूसर करते.

एका चित्रावरून निष्कर्ष काढणे ही सर्वांत मोठी चूक होय. प्रत्येक वेळी लेन्स मुद्दाम फोकसबाहेर नेऊन, एकदा दूरच्या आणि एकदा जवळच्या टोकाकडून, किमान दहा चित्रे घ्यावीत. त्यानंतर मागच्या पडद्यावर दृश्य दहा पट मोठे करून हाताने फोकस साधावा आणि ते चित्र तुलनेसाठी ठेवावे. सर्व चित्रे सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे सरकलेली असतील, तर दोष सुधारता येण्याजोगा आहे. काही पुढे, काही मागे असा विस्कळीतपणा दिसल्यास कोणतेही समायोजन उपयोगी पडत नाही. प्रकाश वाढवून चाचणी पुन्हा घ्यावी आणि तरीही फरक न पडल्यास लेन्स दुरुस्तीला द्यावी.

स्थिर चूक सुधारण्याची सोय २००७ मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ आणि निकॉनच्या डी३ व डी३०० या कॅमेऱ्यांत आली. त्यात साधारणपणे उणे २० ते अधिक २० पर्यंतचा आकडा प्रत्येक लेन्ससाठी नोंदवता येतो. २०१६ मध्ये निकॉनने डी५ आणि डी५०० मध्ये हे मोजमाप कॅमेऱ्याकडूनच करून घेण्याची व्यवस्था दिली. स्वस्त कॅमेऱ्यांत मात्र ही सोय बहुधा नसते आणि जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने ती आधीच पाहून घ्यावी. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही विशिष्ट चूक सहसा उद्भवत नाही. परंतु पक्ष्याऐवजी फांदी निवडण्याची चूक तेही करतात.

झूम लेन्सच्या बाबतीत एका टोकाला योग्य ठरलेला आकडा दुसऱ्या टोकाला चुकू शकतो. अशा वेळी ज्या टोकाचा वापर अधिक, त्याच टोकाला चाचणी करून आकडा ठरवावा. पक्षी टिपणाऱ्यांसाठी ते बहुधा लांबचे टोक असते.