जीव घाबरतोय की अंग तापतंय?

डिसेंबरातली रात्र, दोन वाजलेले. आमच्या शेजारच्या वहिनी दचकून उठून बसल्या. गाऊनचा गळा घामाने भिजलेला, कानशिलं तापलेली, छातीत धडधड. नवरा गोधडीत गुरफटून झोपलेला आणि या पंखा पाचवर करून त्याखाली उभ्या. पाचेक मिनिटांत अंग निवलं, पण धडधड थांबेना. हात गार पडले, ओठांभोवती मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि ‘आपण काही आता सकाळ बघत नाही’ असं मनाने घेतलं. रिक्षातून जवळच्या इस्पितळात नेलं. ईसीजी निघाला, साखर तपासली, बीपी जरासं वर होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?” वहिनी म्हणाल्या, “घाबरल्यासारखं होतंय हो.” केसपेपरवर शब्द पडला, ‘अँग्झायटी’. झोपेच्या चार गोळ्या आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला घेऊन त्या पहाटे घरी आल्या.

हे निदान अर्धवट होतं, आणि त्यात डॉक्टरांइतकाच दोष आपल्या भाषेचाही आहे. मराठी बाई ‘घाबरल्यासारखं होतंय’ म्हणते तेव्हा तिला भीतीच वाटत असते असं नाही. धडधड, घुसमट, भोवळ, घाम, पोटातली कालवाकालव, या सगळ्याला आपल्याकडे तो एकच शब्द आहे. जीव घाबरा होतो तो उन्हानेही, उपासानेही आणि भीतीनेही. ४७ वर्षांच्या वहिनींना त्या रात्री एक नव्हे, दोन गोष्टी लागोपाठ झाल्या होत्या. पहिली हॉट फ्लॅश, म्हणजे बायका ज्याला ‘वाफा येणं’ म्हणतात ती. दुसरी पॅनिक अटॅक. आधी काय झालं, एवढंच कोणी विचारलं असतं तर निम्मा उलगडा तिथेच झाला असता.

“पाळी तर अजून चालू आहे, मग वाफा कशा येतील?”

येतात. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मागे वळून ठरवतात. त्याआधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी धो धो जाते, कधी दोन महिने फिरकत नाही. या संक्रमणाच्या काळातच वाफांची सुरुवात बहुधा होते. पाश्चात्त्य देशांत पाळी जायचं सरासरी वय ५१ च्या आसपास धरतात. भारतात ते ४६-४७ आहे. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे सुरू झालं तर त्यात लवकर असं काही नाही.

आणखी एक, या काळात ‘हार्मोनची टेस्ट’ करून घ्यायची घाई होते. त्यात मोजतात ते एफएसएच हे हार्मोन रोज वरखाली होत असतं. आजचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पाळी जायची प्रक्रिया सुरू झाली नाही असं म्हणता येत नाही. ४५ च्या पुढे वय, पाळीतला बदल आणि तक्रारी यांवरूनच निदान करतात.

गर्भाशय काढलेल्या बायकांकडे तर पाळीची खूणही नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या सर्वेक्षणात २०१९ मध्ये ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यातल्या कित्येक जणी तरुण होत्या. अंडाशयही काढले असतील तर वाफा एकदम आणि जोरात सुरू होतात. अंडाशय ठेवले तरी ते काहीसे लवकर थकतात. पस्तिशीतली बाई उसाच्या फडात दरदरून घामेजते, धडधडतं म्हणते, आणि तिला ‘मनाचं आहे’ असं सांगून परत पाठवलं जातं. मला हे शहरातल्या कुठल्याही चुकलेल्या निदानापेक्षा अधिक खुपतं.

“अंगात उष्णता वाढलीय, गुलकंद खा”

गुलकंद जरूर खावा, चांगला लागतो. पण वाफ येते तेव्हा अंगात उष्णता साठलेली नसते. बिघडलेला असतो तो थर्मोस्टॅट.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान राखतो. घाम सुटण्याचं तापमान आणि हुडहुडी भरण्याचं तापमान यांच्यामध्ये एक पट्टा असतो. आतलं तापमान त्या पट्ट्यात थोडंफार हललं तरी शरीर दुर्लक्ष करतं. वाफांचा त्रास नसलेल्या बायकांमध्ये हा पट्टा सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद आढळला. त्रास असलेल्यांमध्ये तो जवळजवळ नाहीसाच झालेला होता. मग कपभर चहा, गॅससमोरची फोडणी, गर्दीतली लोकल किंवा अंगावरची चादर, एवढंसं निमित्त पुरतं. मेंदूला वाटतं घर पेटलं, आणि तो सगळ्या खिडक्या उघडतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ७ ते १५ ने वाढतात. उष्णता बाहेर फेकली गेल्यामुळे शेवटी थंडी वाजते. ज्या वहिनी मघाशी पंख्याखाली होत्या, त्याच पाच मिनिटांनी शाल शोधतात ती यामुळे.

हे घडवणाऱ्या मज्जापेशीही आता माहीत आहेत. इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरतं. ते कमी झालं की या पेशी मोठ्या होतात आणि न्यूरोकायनिन बी नावाच्या रसायनाच्या जोरावर तापमानाच्या केंद्राला उगाच डिवचत राहतात. हीच वाट अडवणारं फेझोलिनेटंट हे हार्मोनविरहित औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं. थोडक्यात, वाफ ही ‘मनाची’ गोष्ट नाही.

“दोन्हीत घाम, दोन्हीत धडधड. ओळखणार कसं?”

घाम आणि धडधड यांवरून नाहीच ओळखायचं. मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत पॅनिक अटॅकची १३ लक्षणं आहेत. त्यात धडधड आहे, घाम आहे, इतकंच काय, अचानक गरम किंवा गार वाटणंही आहे. १३ पैकी चार लक्षणं एकदम उसळली आणि काही मिनिटांत टोकाला पोचली की त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. नुसत्या लक्षणांची यादी वाचून कोणीही गोंधळेल.

क्रम बघा. वाफेत आधी अंग बोलतं. छातीतून किंवा पोटातून गरम लाट निघते, मानेवरून चेहऱ्यावर चढते, काही जणींना तर काही सेकंद आधीच ‘आली बरं का’ असं कळतं. भीती वाटलीच तर ती मागाहून, आणि बहुधा ती लाजेच्या जवळची असते: मीटिंगमध्ये घाम पुसायचा कसा, हळदीकुंकवात चेहरा लाल झालेला दिसला तर? पॅनिकमध्ये भीती स्वतःच लाट असते. काहीतरी भयंकर होणार, मी मरणार, मला वेड लागणार. आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटू लागतं. असलं काही वाफेत होत नाही.

हात बघा. वाफेत बोटं गरम होतात, कारण रक्त त्वचेकडे धावतं. पॅनिकमध्ये हात बहुधा गार आणि ओलसर लागतात. ओठांना, बोटांना मुंग्या येणं ही पॅनिकची खूण. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्या येतात. छाती आवळल्यासारखी वाटणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं होणं हेही त्याच बाजूचं.

आणि त्या क्षणी तुम्हाला काय हवं असतं ते बघा. माझ्या पाहण्यात ही खूण सहसा फसलेली नाही. वाफ आलेल्या बाईला पंखा हवा असतो, पॅनिक आलेल्या बाईला दार. एक पदराने वारा घेते आणि जागेवर बसून राहते. दुसरीला चालत्या लोकलमधून उतरावंसं वाटतं.

वेळेचा मात्र फार भरवसा धरू नका. वाफ साधारण एक ते पाच मिनिटं टिकते. पॅनिक दहाएक मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतं, पण थरथर आणि थकवा तासभरही रेंगाळतो.

“एकतर हे असेल, नाहीतर ते”

वहिनींचं उदाहरण इथेच बसतं. वाफेने काळीज धडधडलं. झोपेतून उठलेल्या मेंदूने त्याचा अर्थ लावला ‘हार्ट अटॅक’. त्या अर्थाने घाबरून श्वास वाढला. श्वासाने मुंग्या आल्या. मुंग्यांनी खात्रीच पटली. पहिली पायरी अंडाशयाची, पुढच्या सगळ्या भीतीच्या. उलटही घडतं. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात ज्यांची चिंता मुळातच जास्त होती त्यांच्यात वाफांची तक्रार कितीतरी अधिक आढळली. ज्यांना तरुणपणी किंवा बाळंतपणानंतर पॅनिकचा त्रास होऊन गेला आहे, त्यांनी या वयात डॉक्टरांना तो जुना इतिहास आवर्जून सांगावा.

“झोपेत कसली आलीय भीती, म्हणजे ती वाफच”

असंही नाही. पॅनिक अटॅक गाढ झोपेतून, कसलंही वाईट स्वप्न न पडता उठवू शकतो. उशी ओली आहे की नाही, पांघरूण तुम्ही भिरकावलं की घट्ट धरून बसलात, हे सकाळी आठवून ठेवा.

“ईसीजी चांगला आला, म्हणजे दुसरं काही नाही”

इथे मला जरा कडक बोलू द्या. वाफा आणि पॅनिक या दोन खोक्यांत सगळं कोंबायची घाई जीवावर बेतू शकते. छातीत दाब, जबड्यात, खांद्यात किंवा पाठीत कळ, मळमळ, चार पायऱ्या चढताच दम लागणं, शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर आधी १०८ ला फोन. वाफ की पॅनिक याचा काथ्याकूट नंतर. बायकांचा हृदयविकार अनेकदा छातीत जोराची कळ न येताच येतो आणि ‘पित्त झालं असेल’ म्हणत घरी सोडा पिण्यात वेळ जातो. शिवाय एक ईसीजी म्हणजे हृदयाचा दहा सेकंदांचा फोटो. ठोक्यांची लय अधूनमधूनच बिघडत असेल तर ती त्यात सापडेलच असं नाही.

थायरॉइड जास्त चालत असेल तर घाम, धडधड, हातांची थरथर, वजनात घट, सगळं वाफांसारखंच दिसतं. रक्त कमी असलं की जिना चढतानाही काळीज धडधडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि पाळी जायच्या आधी ती धो धो जाऊ लागली की हिमोग्लोबिन आणखी घसरतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठीची टीएसएच या दोन साध्या तपासण्या ‘टेन्शन’ हे लेबल लावण्याआधी व्हायला हव्यात. वहिनींच्या झाल्या नव्हत्या. पुढे केल्या तेव्हा हिमोग्लोबिन ९ निघालं.

“या वयात व्हायचंच, सहन करायचं”

अमेरिकेत हजाराहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षं केलेल्या पाहणीत वाफांच्या काळाचा मध्यक (मीडियन) ७.४ वर्षं निघाला. पाळी चालू असतानाच ज्यांना त्या सुरू झाल्या त्यांचा तर ११ वर्षांहून अधिक. इतकी वर्षं पदराने वारा घेत काढायची कशासाठी?

हार्मोन उपचारांची धास्ती २००२ मधल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीमुळे बसली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे आठ रुग्ण जास्त आढळले. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला वाफांचा त्रास मोठा असेल तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त, असं आज तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर मात्र तो मार्ग नाही. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी तर मुळीच घेऊ नका.

हार्मोन्समुळे पॅनिक बरं होत नाही, हेही तितकंच खरं. त्याला विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती उत्तम लागू पडते, आणि वाफांचा जाच कमी करायलाही तीच मदत करते. नैराश्य-चिंतेवरची काही औषधं दोन्हींवर चालतात. त्यामुळे डॉक्टरांनी असं औषध लिहून दिलं तर ‘मला काय वेडी समजतात का’ असं वाटून घेऊ नका. ऐन झटक्यात श्वास नाकाने सावकाश घ्या, सोडताना जास्त वेळ लावा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय सोडून द्या. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो घातक ठरतो. मनावरचं ओझं बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे.

वहिनींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात दुधाचे खाडे आणि पाळीच्या तारखेभोवतीचं वर्तुळ, हे दोन्ही त्या पूर्वीपासून लिहीत होत्या. मग त्याच चौकोनांत त्यांनी वाफ आली की ‘व’, भीती आली की ‘भ’ आणि शेजारी वेळ टिपायला सुरुवात केली. दोन महिन्यांत ३१ ‘व’ झाले आणि चार ‘भ’. चारही ‘भ’ रात्रीचे, चारही ‘व’च्या पाठोपाठ. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती दोन पानं बघितली आणि पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, “आधी गरम होतं का?”

तुमच्याही भिंतीवर असंच एखादं कॅलेंडर असेल. आज रात्रीपासून लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना ‘घाबरल्यासारखं होतंय’ एवढंच सांगू नका; पान फाडून सोबत न्या.